पल्सारच्या ठोक्यांतून गुरुत्वीय लहरी कशा ओळखल्या? खोडदच्या दुर्बिणीने नक्की काय मोजलं?

आर्द्रा
जून 2023 च्या अखेरीस अमेरिका, युरोप-भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीन इथल्या गटांनी एकदमच जाहीर केलं की अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणाऱ्या तरंगांचा पुरावा मिळाला. लायगो या अमेरिकी वेधशाळेच्या 2015 च्या शोधात चार-चार किलोमीटरचे लेझरचे बाहू होते, ते डोळ्यांसमोर येतं. इथे मात्र यंत्र कुठलं तेच कळत नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने काय मोजलं? घड्याळ चुकलं असेल किंवा गणितात काही राहिलं असेल, हे कसं वगळलं? बातम्यांत 'विश्वाची गुणगुण' यापलीकडे काही सापडत नाही.

कालमापक
मोजलं ते एकच: पल्सारचा, म्हणजे भराभर फिरत नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्याचा ठोका ठरल्या वेळी पोचला की मागेपुढे झाला.

लायगोने 2015 मध्ये पकडलेली लहर सेकंदाला 35 पासून 250 वेळा थरथरत होती. या लहरींना एक हेलकावा पुरा करायला वर्षं लागतात. 1 नॅनोहर्ट्झ म्हणजे साधारण 32 वर्षांत एक. त्यासाठी चार किलोमीटर पुरत नाहीत. म्हणून बाहूचं एक टोक पृथ्वी आणि दुसरं टोक शेकडो-हजारो प्रकाशवर्षं दूर असलेला पल्सार. यासाठी मिलिसेकंद पल्सार (काही मिलिसेकंदांत एक फेरी मारणारे) घेतात, कारण त्यांची गती फार स्थिर असते. असा पहिला पल्सार 1982 मध्ये सापडला, सेकंदाला 642 फेऱ्या मारणारा. तो शोधणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

प्रत्यक्ष काम असं चालतं. जे1909-3744 हा पल्सार 2.95 मिलिसेकंदांत एक फेरी मारतो. त्याचा एकेक ठोका गोंगाटात बुडालेला असतो, म्हणून अर्ध्या तासातले सहा लाखांवर ठोके एकावर एक रचतात. त्यातून स्वच्छ आकार वर येतो. तो आकार ठरलेल्या नमुन्यावर सरकवून बसवला की ठोका पोचल्याची वेळ मिळते. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ही वेळ वर्षभरात 500 सेकंदांपर्यंत पुढेमागे होते. म्हणून ती सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन ठेवावी लागते. त्यानंतर 'आला कधी' उणे 'यायला हवा होता कधी' एवढंच बघायचं.

शोधायचा फरक साधारण 0.1 मायक्रोसेकंदाचा. तेवढ्या वेळात प्रकाश 30 मीटर जातो. गुरूच्या ओढीने सूर्य मात्र वस्तुमानकेंद्राभोवती सुमारे 7 लाख 40 हजार किलोमीटर हलतो. गुरूच्या कक्षेत बारीकशी चूक राहिली तरी ती लहरीसारखी दिसते, आणि हे खरंच घडलं आहे. अमेरिकी गटाच्या 11 वर्षांच्या माहितीत ग्रहस्थितीची सारणी बदलली की उत्तरही बदलत होतं.

कुकडीकाठ
खोडदचा वाटा समजायला वाटेतला वायू लक्षात घ्यावा लागेल. ताऱ्यांमधल्या पोकळीत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी उशिरा पोचतात, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वरच्याच पल्सारचं उदाहरण घ्या: 400 मेगाहर्ट्झला सुमारे 270 मिलिसेकंद उशीर, 1400 ला फक्त 22. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकूण बेरजेला डीएम म्हणतात. ही बेरीज महिन्यागणिक बदलते. ती एक सहस्रांश एककाने बदलली तर 1400 मेगाहर्ट्झला 2 मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे शोधायच्या गोष्टीच्या वीसपट. 400 ला तोच बदल 26 मायक्रोसेकंद होऊन समोर येतो.

जी खोड वरच्या (जास्त वारंवारतेच्या) पट्ट्यात लपते ती खालच्या पट्ट्यात ठसठशीत दिसते. जीएमआरटीच्या 30 डिशांचे गट पाडून भारतीय गट (इनपीटीए) 300 ते 500 आणि 1260 ते 1460 मेगाहर्ट्झ असे दोन पट्टे एकाच वेळी बघतो. एकाच वेळी हे महत्त्वाचं, कारण दोन पट्टे वेगवेगळ्या आठवड्यांत पाहिले तर मधल्या काळात डीएम हललेला असतो. जे1022+1001 सारखा पल्सार क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला चिकटून आहे. सूर्य दरवर्षी त्याच्याजवळून सरकतो तेव्हा सौरवाऱ्यामुळे डीएम चढतो.

खालच्या पट्ट्याचा तोटाही आहे. तिथे विकिरणामुळे (वाटेतल्या वायूत लहरी विखुरल्यामुळे) ठोक्याला मागे शेपूट फुटतं. ते डीएमपेक्षा वेगळ्या नियमाने वाढतं; दोन्हींची गल्लत झाली तर डीएमच चुकीचा निघतो.

आर्द्रा
म्हणजे सगळ्या चुका काढून टाकल्यावर जे उरतं ती लहर?

तिरपा कोन
नाही, आणि याच जागी बहुतेक बातम्या घसरल्या. 'उरलं म्हणून लहर' एवढ्यावर कोणी दावा केलेला नाही. अमेरिकी गटाला 12.5 वर्षांच्या माहितीतच सगळ्या पल्सारांत सारखा दिसणारा संथ हेलकावा सापडला होता, तरी त्यांनी त्याला गुरुत्वीय लहर म्हटलं नाही.

पुरावा एका पल्सारमध्ये नसतो, जोडीत असतो. पृथ्वीवरचं प्रमाण घड्याळ चुकलं तर सगळे पल्सार मिळून एकाच बाजूला सरकतील, आकाशात कुठेही असोत. ग्रहस्थिती चुकली तर एका दिशेचे पुढे, समोरच्या दिशेचे मागे. गुरुत्वीय लहर एका दिशेला ताणते आणि तिच्या काटकोनात दाबते, म्हणून तिची सही वेगळी. आकाशात शेजारी असलेल्या दोन पल्सारांचा मेळ (दोघांचे फरक किती एकत्र हलतात ते) 0.5 धरला, तर कोन वाढेल तसा तो उतरत जातो, 82 अंशांजवळ उणे 0.15 होतो, आणि 180 अंशांना परत 0.25 वर येतो. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी हा वक्र 1983 मध्येच मांडून ठेवला होता. अमेरिकी गटाच्या 67 पल्सारांच्या 2211 जोड्या होतात. त्या कोनानुसार मांडल्यावर बिंदू या वक्राजवळ आले, बातमी ती आहे.

खात्री किती? सिग्मा म्हणजे हा निव्वळ योगायोग नाही याच्या खात्रीचं माप. अमेरिकी गटाची साडेतीन ते चार सिग्मा, युरोप-भारत गटाची तीनच्या आसपास. शोध म्हणायला पाच लागतात, म्हणून सगळ्यांनी 'पुरावा' हाच शब्द वापरला. एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. युरोपकडे जवळपास 25 वर्षांची नोंद होती, पण वक्र स्पष्ट दिसला तो फक्त शेवटची 10.3 वर्षं घेतल्यावर. दुर्बिणींवरचे जुने रिसीव्हर अरुंद पट्ट्याचे होते, त्यांतून डीएम नीट निघत नव्हता. वरच्या प्रतिसादात दोन पट्ट्यांवर एवढा भर का आहे, ते यावरून कळेल.

स्रोत म्हणजे आकाशगंगांच्या पोटातल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या असाव्यात, असा दाट संशय आहे. ते अजून सिद्ध व्हायचं आहे.

कालमापक
ज्यांना हे हाताळून बघायचंय त्यांच्यासाठी: इनपीटीएने 14 पल्सारांची साडेतीन वर्षांची माहिती खुली ठेवली आहे. प्रत्येक पल्सारच्या दोन फायली असतात. 'पार'मध्ये पल्सारचे आकडे, 'टिम'मध्ये ठोके पोचल्याच्या वेळा. पायथॉन या संगणकभाषेतलं 'पिंट' हे पल्सारच्या वेळा बसवणारं सॉफ्टवेअर घालून दोन्ही उघडा आणि उरलेला फरक तारखेनुसार काढा. मग पार फायलीतला एकेक आकडा मुद्दाम बिघडवा. फिरण्याचा वेग बिघडवला की तिरकी रेघ येते, आणि फरक अर्ध्या फेरीपलीकडे गेला की तिचे करवतीसारखे दाते होतात. वेग मंदावण्याचा दर बिघडवला की कमान. आकाशातली जागा एक सहस्रांश विकलेने (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) चुकवली की वर्षाच्या आवर्तनाची, 2.4 मायक्रोसेकंदांपर्यंतची लाट.

यातून आणखी एक उलगडतं. हे आकडे बसवताना खऱ्या लहरीचा त्याच आकाराचा भागही त्यांत शोषला जातो. म्हणूनच बरोबर एका वर्षाच्या आवर्तनाला ही पद्धत आंधळी असते, आणि नोंदीच्या एकूण लांबीपेक्षा संथ लहरी जवळपास हाती लागत नाहीत.

जे1713+0747 घेतलात तर एप्रिल 2021 च्या मध्यानंतरचे बिंदू आधी बाजूला ठेवा. तेव्हा त्याच्या ठोक्याचा आकारच अचानक बदलला, आणि जुन्या नमुन्यावर बसवलेल्या वेळा सगळ्या सरकल्या. जीएमआरटीवरही तो बदल दिसला. पूर्ववत व्हायला त्याला महिनोन्‌महिने लागले.