डोनर सॅम्पलवर आययूआय, दुसरी खेप: प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचा) धोका किती धरायचा? (मदत हवी आहे)

ऐरोलीकरीण:
वय ३६, ११ आठवडे पूर्ण. पहिलं मूल ११ वर्षांचं, गर्भधारणा नैसर्गिक, डिलिव्हरी नॉर्मल, तेव्हा बीपीचा त्रास नव्हता. नंतर नवऱ्याची केमोथेरपी झाली आणि शुक्राणू शून्यावर आले, म्हणून या वेळी बँकेतल्या डोनर सॅम्पलवर (दात्याच्या शुक्राणूंवर) आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं. गर्भ एकच. बीपी ११८/७६, बीएमआय २७, शुगर-थायरॉईड ठीक.

आययूआय ठाण्यात झालं, डिलिव्हरीसाठी नाव वाशीला घातलंय. वाशीच्या डॉक्टरांना फक्त आययूआय माहीत आहे, डोनरचं नाही. त्या म्हणाल्या, दुसरी खेप आहे, बीपीची काळजी नको. डोनर सॅम्पलमुळे यात काही फरक पडतो का? हा आजार टाळायला देतात त्या अ‍ॅस्पिरिनबद्दल विचारावं का? सासूबाई प्रत्येक व्हिजिटला सोबत असतात, म्हणून बोलायचं राहून जातंय.

लेबररूम_नाइट:
फरक पडतो, पण घाबरण्याइतका नाही. नवऱ्याच्या आणि डोनरच्या शुक्राणूंची तुलना करणारे अभ्यास एकत्र पाहिले तर डोनर गटात प्रीएक्लॅम्प्सिया साधारण दीडपट दिसतो. म्हणजे १०० जणींत ४ जणींना होणार असेल तिथे ६ जणींना. डोनर एग (दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज) असेल तर धोका याहून बराच वाढतो, तो तुमचा प्रश्न नाही.

कारण असं मानलं जातं: वारेच्या पेशी पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. या पेशींवर निम्म्या खुणा वडिलांकडच्या असतात. त्या खुणांची आईच्या प्रतिकारशक्तीला आधीपासून ओळख असली तर हे काम नीट होतं, आणि ती ओळख मुख्यतः वीर्यातल्या द्रवातून होते. डोनरची तशी ओळख नसते, शिवाय आययूआयला सॅम्पल धुऊन घेतात, तेव्हा द्रव निघूनच जातो. (नवऱ्याशी संबंध ठेवले की सवय होते, असं कोणी सांगेल. ती सवय नवऱ्याच्या खुणांची, डोनरच्या नाही.)

आता 'दुसरी खेप' या मुद्द्याबद्दल. पहिल्या बाळंतपणाचं संरक्षण कायम टिकत नाही. दोन बाळंतपणांत १० वर्षांहून जास्त अंतर पडलं की धोका जवळपास पहिलटकरणीइतका होतो. डोनर बाजूला ठेवला तरी तुमचा एक मुद्दा इथेच झाला. दुसरा वयाचा: या आजाराचा धोका ठरवायच्या अमेरिकन यादीत ३५ पासून धरतात, ब्रिटिश यादीत ४० पासून. अमेरिकन यादीप्रमाणे असे दोन मध्यम मुद्दे असले की अ‍ॅस्पिरिनचा विचार होतो. डोनर स्पर्म या याद्यांत नाही, म्हणून तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही.

विचारा, आणि लवकर विचारा. गोळी १२ आठवड्यांनंतर आणि १६ च्या आत सुरू झाली तरच खरा उपयोग. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांना रोज रात्री १५० मिग्रॅ ३६ आठवड्यांपर्यंत दिली. ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. गोळ्या चुकवल्या की फायदा घटतो. स्वतःहून मात्र सुरू करू नका. अल्सर, दमा, रक्तस्राव, प्लेटलेट कमी असणं हे आधी पाहावं लागतं. मेडिकलमध्ये पाकीट वाचून घ्या: नावापुढे 'एव्ही' किंवा 'गोल्ड' असेल तर त्यात कोलेस्टेरॉलचंही औषध असतं, ते नको.

एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) ११ ते १३ आठवडे ६ दिवसांत होतो. त्याच वेळी गर्भाशयाच्या धमनीचा डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करायला सांगा, आणि डबल मार्करच्याच (बाळातल्या गुणसूत्रदोषांसाठीची रक्ततपासणी) रक्तातून पीएलजीएफ (वारेतून येणारं प्रथिन) होईल का ते लॅबला आधी विचारा. रक्त देऊन झाल्यावर विचारलं की पुन्हा सुई.

कोपरी_ओपीडी:
सासूबाईंचा प्रश्न सोपा करता येईल. व्हिजिटच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगा आणि 'घरी माहीत नाही, फाइलवर मोठ्या अक्षरात लिहू नका' हेही सांगा. पेशंटची माहिती नातेवाइकांना न सांगणं हे त्यांचं कामच आहे. वजन-बीपीला आत घेतात तेव्हा दोन मिनिटं एकटीला मिळतात, तेवढी पुरतात.

बीपी घरीही बघा. दंडावर बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटावरचं नको. दंडाचा घेर टेपने मोजा. ३२ सेंमीच्या वर गेला तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यावर आकडा खोटा वाढतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. चहा घेऊन अर्धा तास तरी झालेला असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घेऊन दोन्ही आकडे लिहा. कुशीवर झोपून घेतलं तर वरच्या हातावर बीपी कमी दिसतं आणि सगळं छान आहे असं वाटतं, हा घोटाळा फार होतो.

१४०/९० किंवा वर दोनदा आलं तर त्याच दिवशी दाखवा. १६०/११० आलं तर थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही असेल तर बीपी नॉर्मल दिसलं तरी जा. पायाच्या सुजेला एकट्याने फार अर्थ नाही. मीठ तोडणं, झोपून राहणं याने हा आजार टळत नाही.

ऐरोलीकरीण:
आभार. उद्याच फोन करते. हॉस्पिटल वाशीचंच ठेवू ना?

लेबररूम_नाइट:
ऐरोलीहून वाशी ठीक आहे, ठाणे-बेलापूर रोड सरळ आहे. घोडबंदरच्या पलीकडचं घेतलं असतं तर संध्याकाळच्या ट्रॅफिकवरून नक्की हटकलं असतं. विचारायचं ते हे: एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) तिथेच आहे का, रात्री भूलतज्ज्ञ हजर असतात की बोलवावे लागतात, रक्त कुठून येतं. वेळ पडली तर १०८.

कॅल्शियम दुसऱ्या तिमाहीपासून ५०० मिग्रॅ दोनदा. आयर्नच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. आणि डिलिव्हरीनंतर मशीन कपाटात टाकू नका. बीपी बहुतेक तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातं, नेमकं घरी सोडल्यावर. तेव्हा रोज मोजा, आणि सहा आठवड्यांच्या व्हिजिटला ते आकडे घेऊन जा.