वाचनालयात पाणी शिरलं : शंभरावर पुस्तकं आणि एक इतिवृत्ताची वही ओली आहे, तातडीने सांगा

ग्रंथपाल, जुनं नाशिक (सोमवार, दुपार)

नमस्कार. जुन्या नाशकातल्या एका 'क' वर्ग वाचनालयात मी १९ वर्षं ग्रंथपाल आहे. वाडा गोदावरीपासून फार लांब नाही. २०१९ च्या पुरात खालच्या खणातली पुस्तकं गेली, तेव्हापासून सगळ्या कपाटांचा तळखण आम्ही रिकामा ठेवतो. या वेळी पाणी छपरातून आलं. शनिवारी रात्रीच्या पावसात कौलं सरकली, रविवारी सुट्टी, आणि आज सकाळी कुलूप काढलं तर संदर्भ विभागाच्या दोन कपाटांतून पाणी ठिबकत होतं.

दाखल नोंदवहीशी ताडून पाहिलं : ११२ नग ओले आहेत. त्यात साधारण ३० जुने दिवाळी अंक, गुळगुळीत कागदाच्या चित्रपानांचे. आणि कार्यकारिणीची १९३८ ते १९५१ ची इतिवृत्ताची वही, पूर्ण हस्तलिखित. १९४२ साली नाशिकला साहित्य संमेलन भरलं, अत्रे अध्यक्ष होते. त्या वेळी आमच्या वाचनालयाने पाहुण्यांच्या सोयीसाठी काय काय करायचं ठरवलं, ते या वहीत आहे. आणखी कुठेही नाही.

मी पोहोचायच्या आधी एका हितचिंतकांनी १२ पुस्तकं गच्चीवर उन्हात मांडली. दोन तासांत पुठ्ठे पापडासारखे वळले. आता कोणी म्हणतं इस्त्री फिरवा, कोणी म्हणतं वही लॅमिनेट करून टाका, कोणी डांबरगोळ्यांचा डबा घेऊन आलंय. मला घाईत चूक करायची नाही. आधी काय करू?

कागदवेडी, पुणे

ताई, ऊन बंद, इस्त्री बंद, लॅमिनेशनचं नावही नको. मी कागद-संवर्धनाचं काम करते म्हणून ठामपणे सांगतेय. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं. उद्या कोणाला दुरुस्ती करायची झाली तर ते निघत नाही, आणि कागदातलं आम्ल आतच कोंडून राहतं. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, तुमच्या डोक्याला मात्र त्रास होईल.

बुरशी साधारण ४८ तासांत धरते. तुमचे निम्म्याहून जास्त तास गेलेत. म्हणून आज रात्रीपर्यंत तीन ढीग करा.

दिवाळी अंक पहिले. त्या गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतो. तो ओला होऊन सुकला की डिंकासारखा चिकटतो आणि अंकाची वीट होते. ते ओले असतानाच गोठवायचे. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, उघडून न बघता, डीप फ्रीझरमध्ये. उणे १८ अंश तरी हवं.

नुसती दमट झालेली पुस्तकं टेबलावर उभी करा, पानं किंचित पसरून. दर २०-३० पानांत कोरा टीपकागद घाला, पण पाठीवर ताण येईल इतका नको. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. पंखा चालू ठेवा, झोत पुस्तकांवर नको. टीपकागद ओला झाला की बदला. पहिल्या दिवशी हे दर दोन-तीन तासांनी करावं लागतं, त्याला इलाज नाही.

वहीचं वेगळं. शाई कसली आहे? बोरूची काळी, काजळीची असेल तर पाण्याला दाद देत नाही. फाउंटन पेनाची निळी पसरते. आणि जांभळी 'कॉपिंग पेन्सिल' असेल तर सर्वात वाईट, ओल लागली की ती रंग सोडते. किती ओली आहे ते सांगा.

ग्रंथपाल, जुनं नाशिक

तिन्ही आहेत! मजकूर काळ्या शाईत, दुरुस्त्या निळ्या, आणि बऱ्याच सह्या जांभळ्या पेन्सिलीच्या. सुदैवाने वही कपाटाच्या आतल्या बाजूला होती, वरची कड दोनेक बोटं ओली आहे, खालचा भाग कोरडा.

पिंपळगावचे आमचे एक सभासद द्राक्षबागायतदार आहेत. शीतगृह सध्या रिकामं आहे, सगळी पुस्तकं आणून ठेवा म्हणाले. चालेल का?

कागदवेडी, पुणे

त्यांचे आभार माना, पण द्राक्षांचं शीतगृह शून्य अंशाच्या आसपास चालतं. तिथे बुरशी मंदावेल, पाणी गोठणार नाही. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर मिळतो का बघा.

वही आडवी, सपाट ठेवा. ओल्या कडेखाली आणि पानांत टीपकागद, वरून अगदी हलकं वजन. ओली कड उंच धरू नका, रंग खाली सह्यांकडे ओघळेल. चिकटलेली पानं पूर्ण सुकेपर्यंत बोटांनी सोडवायची नाहीत.

बाइंडर, भद्रकाली

वळलेले पुठ्ठे दाबून सरळ करू नका, मोडतील. हवेतला ओलावा घेऊन ते थोडे नरम पडले की दोन फळ्यांत, मध्ये टीपकागद, आठवडाभर ठेवा. जुजबंदी शिलाईची, म्हणजे पानांच्या घड्या धाग्याने शिवलेली पुस्तकं टिकतील, धागा शाबूत असतो. नुसती डिंकाने चिकटवलेली सुटतील.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू देऊ नका. ४० वर्षं हे काम करतोय, सेलोटेपचा पिवळा डाग मला एकदाही काढता आलेला नाही. जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरा. खळीत पूर्वी आम्ही कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचो. आता घालत नाही, त्याने कागद काळवंडतो. पावसाळा संपला की पुस्तकं घेऊन या. एक विनंती, नव्या बांधणीसाठी कडा कापायला कोणालाही सांगू नका. समासात लोकांनी लिहिलेलं असतं, ते जातं.

मोडीवाचक, पंचवटी

सह्या मोडीत असतील तर वही सुकल्यावर फोटो पाठवा, वाचून देतो. प्रत्येक पानाचा फोटो काढाच, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय.

ग्रंथपाल, जुनं नाशिक (पाच आठवड्यांनंतर)

सगळ्यांना मनापासून सांगते, तुमच्यामुळे त्या रात्री माझे हात थांबले नाहीत.

मेनरोडजवळच्या एका आइस्क्रीमच्या दुकानाने फ्रीझरचा एक कप्पा रिकामा करून दिला. अंक चार-चार करून बाहेर काढतेय. वितळत असताना, ओले असतानाच पान सोडवायचं आणि मध्ये सिलिकॉनचा कागद घालायचा, असं ताईंनी फोनवर शिकवलं. १९ अंक सुटले. दोन आधीच सुकून गेले होते, त्यांची वीटच झाली. ८ पुस्तकांवर बुरशी दिसली. ती वेगळ्या खोलीत पूर्ण सुकवली, मग मास्क लावून गच्चीवर मऊ ब्रशने झाडली.

कार्यकारिणीत मी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला : यापुढे कपाट रिकामं करायची वेळ आली तर आधी हस्तलिखित वह्या आणि दाखल नोंदवही उचलायची, छापील ग्रंथ नंतर. भारी कापडी बांधणीचे ग्रंथ दुसऱ्या वाचनालयातही सापडतील.

१९४२ च्या त्या पानावर १२ सह्या आहेत. ५ मोडीत होत्या, काकांनी वाचून दिल्या. ६ देवनागरीतल्या मला लागल्या. वरच्या कडेजवळची बारावी आता फक्त जांभळा डाग आहे. त्याच वर्षाच्या पुढच्या बैठकांची पानं मी रोज थोडी थोडी बघते आहे, तेच गृहस्थ कुठे तरी पुन्हा सही करून गेले असतील.