अलमट्टी : उंचीला नुसता विरोध करून सांगली वाचणार का?

वारणाकाठ :
कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय कर्नाटकाने पुन्हा काढलाय आणि फुगवट्याने इकडे पूर वाढेल म्हणून आपल्याकडे पुन्हा तेच, 'एक इंच वाढू देणार नाही'. ही उंची त्यांनी परस्पर ठरवलेली नाही, कृष्णेच्या पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादाने डिसेंबर २०१० मध्ये ती मान्य केली. त्या लवादापुढे आपले वकीलही उभे होते. सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या आदेशामुळे निवाडा राजपत्रात आलेला नाही, म्हणून गाडी अडलीय. उद्या ती अडचण सुटली तर आपल्या हातात काय उरतं? उंचीवर हटून बसण्यापेक्षा धरण कुठल्या तारखेला किती भरायचं, दरवाजे कधी उचलायचे, हे कायद्याने बांधून घ्या. दर ऑगस्टला आपल्या मंत्र्यांनी बंगळुरूला फोन करायचा हा काय कारभार झाला? आणि २०१९ च्या पुराबद्दल आपल्याच सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने बोट दाखवलं ते अतिवृष्टी आणि पूररेषेतल्या बांधकामांकडे, अलमट्टीकडे नाही.

कुरुंदवाडकर :
वडनेरे अहवाल घेऊन ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात या एकदा. पूर आम्हाला नवा नाही हो. नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी जाऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं की लोक मुद्दाम स्नानाला येतात. आमचं भांडण पाणी चढण्याशी नाही, न उतरण्याशी आहे. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ वर गेलं, आणि पाऊस ओसरला तरी हलेना. ऊस दोन दिवस बुडाला तर तगतो. आठवडाभर पाण्याखाली राहिला, शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसला, की वरून हिरवा दिसला तरी आतून कुजलेला असतो. नदी इथे आधीच सपाट, खाली हिप्परगी बंधारा, त्याच्या खाली अलमट्टी. त्यात अजून साडेचार मीटर. ऑगस्टअखेरपर्यंत काठोकाठ भरू नका एवढंच मागतोय, तेही नीट पाळलं जात नाही. तुमचं वेळापत्रक कोण पाळणार?

अथणीकर :
सीमेच्या पलीकडून लिहितोय, रागावू नका. २०१९ ला आमच्या अथणी-चिकोडीतही घरं गेली, पूर फक्त सांगलीला आला नव्हता. पण बागलकोट-विजापूरच्या शेतकऱ्याचंही ऐका. अप्पर कृष्णा प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात त्यांना १३० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळायचंय, ते या उंचीवर अडलंय. तुम्ही मात्र कोयनेचं ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवून, वीज करून, वाशिष्ठीतून समुद्राला देता. उन्हाळ्यात इकडे नदीचं वाळवंट झालं की आम्ही कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून मुंबईला विनवण्या करायच्या.

वारणाकाठ :
६७.५ टीएमसी आधीच्या बचावत लवादानेच मान्य केलंय, ते काही चोरून नेलेलं नाही. आणि विनवणी केल्यावर पाणी सोडलंही आहे, तेवढं तरी मान्य करा दादा.

अथणीकर :
मान्य. पण तेही दर वेळी फोनवरच.

जतपूर्व :
तुमचं पुराचं चालू द्या. आमच्या जत तालुक्यात उमदी-संखकडे टँकर येतो. कृष्णा याच जिल्ह्यातून वाहते म्हणे. २०२२ ला कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला आणि अनेक वर्षं पडून असलेली म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या विस्ताराची फाईल एकदम पळायला लागली. म्हणजे मुंबईला आमची आठवण कधी येते, तर कर्नाटक आम्हाला बोलावतं तेव्हा! पलीकडे कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी हद्दीला येऊन ठेपलंय. ते इकडे द्या आणि त्या बदल्यात दुसरीकडून घ्या, ही मागणी आमची जुनीच. बचावत लवादाने राज्याला ५६० टीएमसी दिलं, त्यातलं आमच्या वाट्याला किती आलं? अलमट्टीवर आंदोलन करणारे यावर गप्प का?

कुरुंदवाडकर :
गप्प नाही, पुराचं पाणी तुमच्याकडे वळवा असंच म्हणतोय. पण म्हैसाळच्या पंपाने पूर उपसायचा म्हणजे चमच्याने विहीर उपसणं झालं. त्याला बोगदे लागतील, मोठे तलाव लागतील, आणि वीजबिल कोण भरणार ते आधी ठरवावं लागेल.

वारणाकाठ :
म्हणून परत तेच सांगतो. शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावर दर तासाला किती क्युसेक जातंय आणि अलमट्टीतून किती सुटतंय, हे दोन्ही राज्यांचे अभियंते एका खोलीत बसून बघू देत. जून ते सप्टेंबर, रोज. सही दोघांची.

कुरुंदवाडकर :
सही झाली आणि दरवाजे उचलले नाहीत, तर दंड किती? तो आकडा कागदावर आणा, मग उंचीवर बोलू.