आईवडिलांचा औषधखर्च व प्राप्तिकर

प्रश्न (चोपडा): माझे ७२ वर्षांचे वडील व ६८ वर्षांची आई यांचा विमा नाही, औषधांची बिले आईने देव्हाऱ्याखालच्या पिशवीत जपली आहेत. खर्च मीच करतो. वजावट मिळेल का? दिव्यांग भाऊही माझ्याच आधारावर आहे.

उत्तर (जळगाव): जुनी करप्रणाली निवडली असेल तर मिळेल. १९६१ च्या कायद्यातील कलम ८०डी नुसार विमा नसलेल्या, ६० वर्षांवरील आईवडिलांच्या उपचारखर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, आणि ते तुमच्यावर अवलंबून असण्याची अटही नाही. मात्र रोखीचा खर्च धरत नाहीत, म्हणून मेडिकलवर कृपया यूपीआयनेच पैसे द्या.

उत्तर (धुळे): भावासाठी कलम ८०डीडी पाहा. दिव्यांगत्व ४० टक्के असल्यास ७५,००० व ८० टक्के असल्यास १,२५,००० रुपये. प्रमाणपत्र आधी काढा.