शब्दचर्चा: ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
ड्रुपल ही वेबसाइट बनवण्याची प्रणाली शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. स्वतःचा सर्व्हिस क्लास (इतर कोडला एखादं ठरावीक काम करून देणारा क्लास) लिहिण्याच्या प्रकरणात ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’पाशी अडलो. ‘अवलंबित्व अंतःक्षेपण’ चालेल का?

प्रतिसाद
‘अवलंबित्व’ नको. ते अवस्थेचं नाव आहे. प्रोग्रामर ‘डिपेन्डन्सी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वस्तू असते: डेटाबेसची जोडणी, मेल पाठवणारा ऑब्जेक्ट, नोंदी ठेवणारा लॉगर. ‘अवलंब’ही जमत नाही, कारण अवलंब करणे म्हणजे अंगीकारणे. ‘आधार’ अर्थाने जवळचा, पण वेबसाइटच्या कामात त्याची ओळखपत्राशी गल्लत होईल.

दुसरा प्रतिसाद
खरी अडचण ‘इंजेक्शन’ची आहे. २००४ साली सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांच्या लेखातून हे नाव रूढ झालं. त्याआधीची ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’ ही संज्ञा फार ढगळ होती. नव्या नावाचा रोख एकाच गोष्टीवर आहे: लागणारी वस्तू क्लास स्वतः बनवत नाही, शोधायलाही जात नाही, ती त्याला बाहेरून मिळते. हे ‘बाहेरून’ ज्या शब्दात नाही तो शब्द कितीही संस्कृत असला तरी मला नको. ‘अंतःक्षेपण’ वाचून आत काहीतरी फेकल्यासारखं वाटतं. कोणी दिलं, कधी दिलं, काहीच कळत नाही.

उदाहरण घ्या. ग्रंथालयाच्या साइटवर मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं पाठवणारा क्लास आहे. त्यात आजची तारीख थेट पीएचपीच्या टाइम फंक्शनने घेतली, तर ‘मुदत कालच संपली’ ही स्थिती चाचणीत उभी करणं अवघड होतं. त्याऐवजी ड्रुपलची वेळेची सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमधून, घ्या. मग चाचणीत हवी ती तारीख सांगणारा नकली ऑब्जेक्ट देता येतो आणि क्लासची एक ओळही बदलावी लागत नाही. मॉड्यूलच्या सर्व्हिसेस यामल फाइलमध्ये अर्ग्युमेंट्सखाली ‘@’ लावून त्या सर्व्हिसचं नाव लिहायचं. मग कंटेनर, म्हणजे सर्व्हिसेस बनवून देणारा ड्रुपलचा भाग, आपल्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवताना ती देतो. क्रम कन्स्ट्रक्टरमधल्यासारखाच ठेवा आणि बदलानंतर कॅश रिकामी करा, नाहीतर जुनाच कंटेनर चालू राहतो.

विचारणारा
मग क्लासच्या आत ‘ड्रुपल::सर्व्हिस’ लिहून तीच सर्व्हिस मागवली, तर तेही इंजेक्शनच ना? वस्तू तर कंटेनरमधूनच आली.

दुसरा प्रतिसाद
नाही, आणि टिपणात हा फरक ठळक लिहाच. तिथे क्लास स्वतः मागायला गेला. त्या पद्धतीला ‘सर्व्हिस लोकेटर’ म्हणतात. कन्स्ट्रक्टर वाचून क्लासला काय काय लागतं ते कळत नाही, सगळा कोड चाळावा लागतो. हुक म्हणजे ठरावीक प्रसंगी ड्रुपल आपणहून बोलावतं ते फंक्शन. जुन्या पद्धतीच्या हुक फंक्शनांना कन्स्ट्रक्टरच नसतो, तिथे असं मागवणं रास्त आहे. ड्रुपल ११.१ पासून बहुतेक हुकही क्लासमध्ये लिहिता येतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी तीही सबब उरत नाही.

प्रतिसाद
तर मग नाम ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ असंच देवनागरीत ठेवावं आणि समजावताना मराठी क्रियापदं वापरावीत. ‘बाहेरून पुरवणे’ आणि ‘आतून मागवणे’ ही जोडी मला सर्वांत नेमकी वाटते. ‘या क्लासला वेळेची सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमधून पुरवली आहे’ हे वाक्य नवशिक्यालाही कळतं. ऑफिसात मात्र ‘इंजेक्ट कर’ असंच म्हणतात, तेही टिपणात द्या.