ए-१ चं घर आणि तीन पायऱ्या

कोथरूड, सोसायटीचा ग्रुप. शनिवार रात्र.

सेक्रेटरी: नमस्कार. तळमजल्यावरचं ए-१ भाड्याने द्यायचं आहे असं मालकांनी बंगळूरहून कळवलंय. ए-८ च्या काकांनी ते मुलासाठी मागितलं आहे. तो व्हीलचेअर वापरतो. मुलगा तिथे स्वतंत्र राहील, काका-काकू वरच तिसऱ्या मजल्यावर. घर भाड्याने देणं हा मालकांचा प्रश्न. पण रॅम्प करायचा झाला तर जागा सोसायटीची, म्हणून इथे मांडतोय. उद्या मीटिंग आहेच.

ए-२ आजोबा: वाईट वाटून घेऊ नका, पण त्याला एकट्याला ठेवणं म्हणजे जोखीम. रात्री काही झालं तर? एखादी चांगली संस्था बघावी.

बी-६: मदतनीस येणार-जाणार. ब्युरोचा माणूस दर महिन्याला बदलतो. पोलीस व्हेरिफिकेशन कोण करणार?

ए-४ काकू: पाषाण-बाणेरला अथश्री आहे की.

ए-८ काका: काकू, तिथली घरं ज्येष्ठांसाठी. मी ७४, ही ७०, आम्ही जाऊ. तो ३६ चा आहे.
संस्था आम्ही दोन पाहिल्या. माणसं प्रेमळ होती. पण एका ठिकाणी रात्री नऊला सगळे दिवे बंद, दुसरीकडे सगळ्यांना एकाच वेळी अंघोळ. हा रात्री अकरापर्यंत लोकांचे हिशोब लिहितो. त्यावर त्याचे पैसे मिळतात.
महिन्यातून दोनदा मी आणि वॉचमन त्याला खुर्चीत बसवून खाली आणायचो. जूनमध्ये पहिल्या मजल्याच्या वळणावर माझा गुडघा लचकला. वॉचमनने धरलं म्हणून निभावलं. त्यानंतर तो खाली उतरलेला नाही.
ही रोज रात्री विचारते, आपल्यानंतर त्याचं काय? मला वाटतं, हे ‘नंतर’वर टाकायलाच नको. त्याने एकटं राहून बघावं, दूध उतू जाऊ द्यावं, किल्ली विसरावी, ते आम्ही तीन मजले वर असतानाच व्हावं. आम्ही गेल्यावर त्याने पहिल्यांदा कुलूप उघडायला शिकावं, हे मला सहन होणार नाही.
मदतनीस सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. व्हेरिफिकेशन मी करीन, माणूस बदलला की पुन्हा करीन.

ए-४ काकू: काका 🙏

बी-६: रॅम्प कशाला पण? स्कूटर चढवायचा उतार आहे ना?

बी-४ ताई: दादा, तो स्कूटरसाठीच आहे. त्यावरून व्हीलचेअर मागे कलंडेल. मी फिजिओ आहे, अशी पडलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
रॅम्पचा उतार एकास बारा हवा. आपल्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे चढ दीड फूट. त्याला लांबी लागते १८ फूट. सरळ काढला तर गेटच्या बाहेर जाईल, म्हणून पाण्याच्या टाकीपाशी वळवायचा आणि वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवायची. दोन्ही बाजूंना कठडे. दोन स्कूटरची जागा जाईल, हे आत्ताच सांगते.
आतलं काम बाथरूमचं. जुना दरवाजा आत उघडतो. माणूस आत पडला की त्याच्याच अंगाने दार अडतं. सरकतं दार लावायचं आणि कडी बाहेरून उघडता येईल अशी. कमोडशेजारी पकडायला दांडा, पण तो विटेच्या भिंतीत पक्का. सक्शनवाले दांडे मिळतात ते अजिबात नकोत, ऐन वेळी सुटतात.

ए-१ मालक: दरवाजा बदला, दांडे लावा, माझी हरकत नाही. जुनं दार फक्त माळ्यावर ठेवा.

ए-५ (लीड्स): आईच्या वतीने लिहिते. इथे ब्रिटनमध्ये शेल्टर्ड हाउसिंग असतं. प्रत्येकाचं आपलं घर, आपली किल्ली, आणि हाक मारली तर कोणीतरी येईल एवढी सोय. बाथरूममध्ये लाल दोरी असते, ओढली की मदतीला फोन जातो. ती जमिनीपर्यंत लोंबती ठेवतात, कारण पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही. पायात येते म्हणून लोक ती वर बांधून टाकतात आणि मग तिचा उपयोग राहत नाही. आपल्याकडे वायरलेस बेलचं बटण चालेल. जमिनीपासून फूटभर वर लावा.

खजिनदार: बाथरूमचा खर्च काका करणार आहेत. रॅम्पचा त्यांच्यावर टाकू नये असं माझं मत. २४ पैकी ११ घरांत सत्तरीच्या पुढचं कोणी ना कोणी आहे आणि लिफ्ट आपल्याकडे नाही. निदान तळमजला तरी सुटेल.

ए-२ आजोबा: सगळं पटतं. रात्रीचं मात्र अजून पटत नाही.

ए-८ मुलगा: नमस्कार. हा माझा नंबर. बाबांनी सांगून आज मला ग्रुपमध्ये घ्यायला लावलं. एका बोटाने टाइप करतो, वेळ लागतो.
आजोबा, रात्री मीही घाबरीन. पहिले काही दिवस नक्की. बेल दाबीन.
सगळे बाबांना विचारताय. मला विचारा.
२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम ५ आहे. दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्याने अमुक ठिकाणीच राहावं अशी सक्ती होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचा, असं त्यात आहे. पण मला कायदा दाखवून घर नको. तुम्ही शेजारी आहात.
मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. आयडियल कॉलनी स्टेशनला लिफ्ट आहे. तिथून पुढे मी एकटा जाऊ शकतो. स्टेशनपर्यंत जाता येत नाही, कारण घरातून खाली येता येत नाही.
चहा मला करता येतो. इंडक्शनवर. आई करू देत नाही.

ए-८ काकू: करू देईन.

ए-२ आजोबा: बाळा, तुझी बेल माझ्याकडे नको. मी ८१, ऐकू कमी येतं. शेजारी म्हणून माझं नाव घालतील आणि मी झोपलेला राहीन. वरच्या मजल्यावर ए-३ मध्ये द्या, आणि दुसरी तुझ्या बाबांकडे. मलाही एक बटण हवं, बाथरूममध्ये. मार्चमध्ये मी पडलो होतो. कोणाला सांगितलं नाही.

बी-४ ताई: आजोबा, उद्या तुमचंही बाथरूम बघते.
सगळ्यांनी सकाळी नऊला ए-१ समोर या, मोजमापं घेऊ. व्हीलचेअरची रुंदी किती?

ए-८ मुलगा: ६५ सेंमी. मोजताना व्हिडिओ कॉल करा. मी आतून ते घर अजून पाहिलेलं नाही.

बी-६: व्हेरिफिकेशन आणि पार्किंग मी मीटिंगमध्ये काढणारच. पण व्हिडिओ कॉल नको. मी आणि माझा धाकटा साडेआठला वर येतो. वॉचमन धरून तिघं. ताई, खुर्ची कुठे धरायची ते सांगायला तुम्ही या. काका, तुम्ही हात लावायचा नाही.

बी-४ ताई: येते. बूट घालून या, चप्पल नको.