विनफॉर्म्समध्ये अख्खा फॉर्म कॉपी करायचाय, पण क्लासचं नाव बदललं की जुना फॉर्मपण बदलतोय

दुकानी_कोडर:
नमस्कार मंडळी. काकांच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर करतोय, सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या, म्हणजे फॉर्म, बनवायची डॉटनेटची सोय), डॉटनेट 8. विक्रीच्या बिलाचा फॉर्म (सेलबिल) एकदम सेट झालाय, ग्रिड आहे, पार्टीचा कॉम्बो आहे, खाली सीजीएसटी एसजीएसटीची बेरीज, कीबोर्डवरून सगळं चालतं कारण काका माऊसला हात लावत नाहीत. आता खरेदीच्या बिलाला जवळपास तेच सगळं लागणार, म्हणून व्हिज्युअल स्टुडिओच्या सोल्युशन एक्सप्लोररमध्ये (फायलींच्या यादीत) सेलबिलवर कंट्रोल सी, कंट्रोल व्ही केलं. फाईल आली, नावापुढे कॉपी असं लागून. फाईलचं नाव पर्चेसबिल केलं. पण एरर लिस्ट लालेलाल, ‘ऑलरेडी कंटेन्स अ डेफिनिशन फॉर’ आणि ‘अँबिग्विटी बिट्वीन’ वगैरे, आणि गंमत म्हणजे एरर जुन्या फॉर्ममध्येपण, ज्याला मी हात पण लावला नव्हता. मग कॉपीतल्या क्लासच्या (कोडमधल्या फॉर्मच्या व्याख्येच्या) नावावर एफ2 दाबून रिनेम केलं तर दोन्ही फॉर्मचं नाव पर्चेसबिल झालं! अनडू करून परत जिथल्या तिथे आलोय. सगळे कंट्रोल (बटणं, कॉम्बो, ग्रिड) नव्याने ओढत बसायची अजिबात इच्छा नाही. धड कॉपी करायची पद्धत काय?

रात्रपाळी:
भाऊ, एफ2 ने जे केलं ते त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे. विनफॉर्म्सचा एक फॉर्म म्हणजे तीन फायली असतात, सेलबिल.सीएस मध्ये तुझा कोड, सेलबिल.डिझायनर.सीएस मध्ये कंट्रोल कुठे कसे मांडलेत ते, आणि सेलबिल.रेसएक्स मध्ये आयकॉन, चित्रं वगैरे. पहिल्या दोन फायलींत क्लास ‘पार्शल’ लिहिलेला असतो, म्हणजे कंपायलरला सांगितलेलं असतं की हा एकच क्लास आहे, तुकड्यांत लिहिलाय, जोडून घे. तू कॉपी केलीस तेव्हा फायलींची नावं बदलली पण आत क्लास सेलबिलच राहिला, त्यामुळे कंपायलरने चारही तुकडे एकाच क्लासचे धरले, सगळं दोनदा दिसलं, म्हणून जुन्या फॉर्ममध्येपण बोंब. आणि एफ2 वालं रिनेम क्लासचं असतं, फाईलचं नाही, त्यामुळे चारही ठिकाणी फिरलं.

उपाय सोपाय, रिनेम वापरायचंच नाही, हाताने बदलायचं. आधी गिट कमिट मार (कोडची आत्ताची प्रत जपून ठेव) आणि डिझायनरचे, म्हणजे फॉर्म चित्रासारखा दिसतो त्या खिडकीचे, उघडे टॅब सगळे बंद कर. मग पर्चेसबिल.सीएस उघड, क्लासच्या ओळीत आणि कन्स्ट्रक्टरला (फॉर्म तयार होताना पळणारा, क्लासच्याच नावाचा कोड) नाव बदल. टाईप करताना बाजूला दिवा पेटून ‘रिनेम करू का’ विचारेल, त्याला हो म्हणू नकोस, नाहीतर परत तेच. मग त्याची डिझायनर फाईल उघड, तिथे क्लासची ओळ, खाली धिस.नेम ला दिलेलं नाव, आणि फॉर्मला आयकॉन किंवा चित्र असेल तर कंपोनंटरिसोर्समॅनेजर (रेसएक्समधून आयकॉन, चित्रं आणणारा) च्या कंसात टाईपऑफ सेलबिल असेल ते. शेवटचं लोक हमखास विसरतात. ते राहिलं तरी प्रोग्राम चालतो कारण तो गुपचूप जुन्या फॉर्मच्या रिसोर्समधून आयकॉन उचलतो, आणि मग कधीतरी जुना फॉर्म काढून टाकला की नवा कंपाईलच होत नाही. कंट्रोल एच करणार असशील तर ‘करंट डॉक्युमेंट’ निवड, ‘एन्टायर सोल्युशन’ नको. मग रिबिल्ड.

दुकानी_कोडर:
अरे वा, आत्ता कळलं जुना फॉर्म का ओरडत होता. दुसरी आयडिया अशी होती की नवीन कोरा फॉर्म घ्यायचा आणि जुन्यातले सगळे कंट्रोल सिलेक्ट करून पेस्ट मारायचे, ते सेफ नाही का?

रात्रपाळी:
सेफ आहे पण अर्धवट. कंट्रोल येतात, नावं पण येतात, इव्हेंट (बटण दाबल्यावर कुठला कोड पळायचा ती जोडणी) येत नाहीत. सी शार्पमध्ये बटणाचा क्लिक जोडणारी प्लस इक्वल वाली ओळ डिझायनर फाईलमध्ये असते, ती पेस्टबरोबर येत नाही, मग तू कोड आणून टाकलास तरी सेव्ह दाबल्यावर ढिम्म काही होणार नाही. फॉर्मची स्वतःची सेटिंगं म्हणजे साईझ, कीप्रिव्ह्यू (दाबलेली कळ आधी फॉर्मला कळते ती सेटिंग), ॲक्सेप्टबटन (एंटरवर चालणारं बटण) हे पण परत लावायचं. तुझं सगळं कीबोर्डवर आहे म्हणजे कीप्रिव्ह्यू राहिला की काका फोन करणारच.

जुना_व्हीबीवाला:
व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) डॉटनेटवाल्यांसाठी जरा वेगळं सांगतो. आमच्याकडे इव्हेंट ‘हँडल्स’ लिहून कोडच्या फाईलमध्येच जोडलेला असतो, त्यामुळे पेस्ट करून कोड आणला की बटणं चालू. पण दुसरा घोळ जास्त वाईट. व्हीबीमध्ये फॉर्मचं नाव लिहून डायरेक्ट शो म्हणता येतं, न्यू करावं लागत नाही, डीफॉल्ट इन्स्टन्स असतो. त्या सवयीने लोक फॉर्मच्या आतसुद्धा ‘मी’ (व्हीबीत ‘हाच फॉर्म’ सांगणारा शब्द) न लिहिता सेलबिल.टोटल असं लिहून ठेवतात. कॉपी केल्यावर हीच ओळ पर्चेसबिलमध्ये येते, एरर काहीच येत नाही, आणि खरेदीची बेरीज विक्रीच्या फॉर्मवर जाऊन बसते, तो फॉर्म उघडा नसला तरी. तेव्हा कॉपी झाली की आधी जुन्या नावाचा सर्च मारायचाच.

बाकी व्हीबी 6 च्या जमान्यात उलटं होतं, फॉर्म ‘सेव्ह ॲज’ केला की प्रोजेक्टमधून जुना जायचा आणि नवा त्याच्या जागी बसायचा. म्हणून आधी नेम प्रॉपर्टी बदलायची, मग सेव्ह ॲज, मग जुनी एफआरएम फाईल ॲड फॉर्ममधून परत आत घ्यायची. हा क्रम चुकला की जुन्या फॉर्मचा बळी. मी अजून दोन गिऱ्हाइकांकडे ते सॉफ्टवेअर सांभाळतोय, बंदच पडत नाही मेलं.

कोल्हापुरी_डेव्ह:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. कॉपी करूच नका की! 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, सिमेंट 28 वरनं 18 वर आलं, तुमचं तर हार्डवेअरचंच दुकान आहे. माझ्या ओळखीच्या एकाकडं विक्री, खरेदी, विक्री परत, खरेदी परत, कोटेशन असे सगळे फॉर्म एकमेकाच्या कॉप्या होते आणि टॅक्सच्या टक्क्याचा कॉम्बो प्रत्येकात हाताने भरलेला. त्याने चार बदलले आणि कोटेशन राहिलं, दुकानदार आठवडाभर गिऱ्हाइकाला 28 टक्क्यानं कोटेशन देत बसला आणि शेजारच्या दुकानात सिमेंट स्वस्त. एकच बिल फॉर्म करा, कन्स्ट्रक्टरला बिलाचा प्रकार पाठवा, त्यावरनं टायटल बदला, नको ते लपवा. आणि दर डेटाबेसमध्ये ठेवा, कुठल्या तारखेपासून ते पण, कारण जुनं बिल उघडलं की जुनाच दर दिसाय पाहिजे.

मास्तरीण_डॉटनेट:
दर डेटाबेसमध्ये, तारखेसकट, हे शंभर टक्के पटलं. पण एकच फॉर्म हे पहिले दोन महिने छान वाटतं हो. विक्रीत बिल नंबर आपला आपण पडतो, खरेदीत समोरच्याचा नंबर आणि तारीख टाईप करावी लागते. विक्रीत स्टॉक कमी, खरेदीत जास्त. विक्रीला माल शिल्लक आहे का तपासायचं, खरेदीला तोच नंबर त्याच पार्टीचा आधी चढवलाय का ते तपासायचं. प्रत्येक ठिकाणी ‘इफ विक्री असेल तर’ लिहीत गेलं की शेवटी सेव्हच्या बटणाखाली असं जंगल होतं की खरेदीला हात लावला तर विक्री मोडते. ते पण पाहिलंय.

इनहेरिटेड फॉर्म हा तिसरा मार्ग आहे, बेस फॉर्म करून दोन्ही त्यावरून काढायचे. पण सी शार्पमध्ये कंट्रोल प्रायव्हेट असतात, त्यांचा मॉडिफायर प्रोटेक्टेड (बेसवरून काढलेल्या फॉर्मला वापरता येईल असा) केला नाही तर नव्या फॉर्ममध्ये कुलूप लागलेले दिसतात, हलत नाहीत. बेस क्लास ॲबस्ट्रॅक्ट (स्वतः न वापरता फक्त पाया म्हणून ठेवलेला) केला की डिझायनर उघडतच नाही. आणि बेसच्या लोडमध्ये (फॉर्म उघडताना पळणाऱ्या कोडमध्ये) डेटाबेसला हात घातला असेल तर डिझायनर उघडताना पण तो कोड पळतो आणि कनेक्शनची एरर तुमच्या तोंडावर.

मी असल्या वेळी ग्रिड आणि खालची बेरीज एवढं उचलून एक युजरकंट्रोल (कुठल्याही फॉर्मवर ठेवता येणारा कंट्रोलचा गठ्ठा) करते, हिशोब वेगळ्या क्लासमध्ये, आणि फॉर्म दोन वेगळे ठेवते. फॉर्मचं कवच कॉपी झालं तर काही बिघडत नाही, हिशोब कॉपी होता कामा नये. आणि पार्टी मास्टर, आयटम मास्टर असे खरंच एकसारखे फॉर्म ढिगाने लागणार असतील तर ‘एक्स्पोर्ट टेम्प्लेट’ मधून आयटम टेम्प्लेट करून ठेवा, मग ॲड न्यू आयटमला नाव दिलं की क्लासचं नाव आपोआप बरोबर पडतं.

कोल्हापुरी_डेव्ह:
युजरकंट्रोल चालेल की. पण विक्री आणि विक्री परत तरी एकाच फॉर्मात ठेवा म्हणतो मी, त्यात फरकच काय, आकडे उलटे.

मास्तरीण_डॉटनेट:
परतीला मूळ बिलाचा नंबर निवडावा लागतो आणि त्यातला विकलेल्यापेक्षा जास्त माल परत घेता येत नाही. पण बरं, तिथे मी भांडणार नाही.

दुकानी_कोडर:
सगळ्यांचे आभार. रात्रपाळी यांच्या पद्धतीने कॉपी जमली, टाईपऑफ वालं खरंच राहिलं असतं. मग ताईंचं ऐकून ग्रिड युजरकंट्रोलमध्ये काढलं, टक्के टेबलमध्ये टाकले. आता एकच अडचण, पर्चेसबिल रन होतो, बिल सेव्ह पण होतं, पण डिझायनरमध्ये उघडत नाही, म्हणतो की हा क्लास डिझाइन करता येईल पण तो फाईलमधला पहिला क्लास नाही. मी वरती बिलओळ नावाचा छोटा क्लास लिहिलाय ग्रिडच्या ओळींसाठी, त्याचा काही संबंध?

रात्रपाळी:
तोच संबंध. फॉर्मचा क्लास फाईलमध्ये सगळ्यात वर लागतो, डिझायनर पहिलाच क्लास बघतो. शिवाय रेसएक्सचं आतलं नावसुद्धा पहिल्या क्लासवरून पडतं, त्यामुळे आयकॉन लावलास की रन होतानापण रिसोर्स सापडत नाही म्हणेल. बिलओळ वेगळ्या फाईलमध्ये टाक, तसाही तो विक्रीला पण लागणारच.